ऑस्ट्रेलियात बुशवॉकिंगला किती प्रौढ जातात आणि आकडे काय सांगतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियात रानवाटांवर चालण्याला बुशवॉकिंग म्हणतात. ते करणाऱ्यांची संख्या हा विषय निघाला की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कधी बुशवॉकिंग क्लबच्या समितीकडून, कधी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांकडून, कधी तिकडे नुकतंच बिऱ्हाड हलवलेल्या मराठी कुटुंबांकडून. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बुशवॉकिंग म्हणून नेमकं काय मोजलं जातं? मी रोज घराजवळच्या तळ्याला फेऱ्या मारते, ते यात येतं का?

बहुधा नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ‘मनोरंजनासाठी चालणं’ आणि ‘बुशवॉकिंग’ असे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिला प्रकार देशात सर्वाधिक केला जातो. दुसरा त्याच्यापेक्षा कितीतरी लहान आहे, तरी टेनिस आणि गोल्फसारख्या नावाजलेल्या खेळांच्या पंगतीत बसतो.

तुमचं चालणं कोणत्या रकान्यात पडायचं हे मात्र तुम्हीच ठरवता. सर्वेक्षणात विचारतात, गेल्या बारा महिन्यांत खेळ, व्यायाम किंवा विरंगुळा म्हणून कोणत्या शारीरिक गोष्टी केल्या? तुम्ही ‘चालते’ म्हणालात तर चालणं, ‘बुशवॉक करते’ म्हणालात तर बुशवॉकिंग. राष्ट्रीय उद्यानातल्या त्याच तीन किलोमीटरच्या वाटेवरून एकाच सकाळी गेलेले दोघे वेगवेगळ्या रकान्यांत जाऊ शकतात. म्हणून बुशवॉकिंगचा आकडा वाचताना त्याचा अर्थ ‘स्वतःच्या चालण्याला बुशवॉकिंग म्हणणारे लोक’ असा घ्यावा. लहान वाटांवरचे बरेच जण त्यातून निसटतात. याचा सगळ्यात मोठा फटका कोणाच्या मोजणीला बसतो ते प्रश्न १३ मध्ये आहे.

२. हे आकडे गोळा कोण करतं?

आज मुख्य आधार ‘ऑसप्ले’ या सर्वेक्षणाचा. ते ऑस्ट्रेलियन स्पोर्ट्स कमिशन चालवतं (मधली काही वर्षं ही संस्था ‘स्पोर्ट ऑस्ट्रेलिया’ या नावाने वावरत होती, त्यामुळे जुने अहवाल त्या नावाखाली सापडतील). ऑक्टोबर २०१५ मध्ये ते सुरू झालं, आणि वर्षाला साधारण २०,००० प्रौढांशी बोलून माहिती घेण्याची पद्धत ठेवली.

त्याआधी दोन वेगळे स्रोत होते. व्यायाम, विरंगुळा आणि खेळ यांतल्या सहभागाचं ‘इरास’ हे सर्वेक्षण २००१ ते २०१० चाललं. शिवाय ऑस्ट्रेलियाचं सांख्यिकी कार्यालय, म्हणजे एबीएस, काही वर्षांच्या अंतराने खेळ आणि विरंगुळ्यातल्या सहभागाची पाहणी करायचं. त्यातली शेवटची २०१३-१४ ची. तिन्हींची प्रश्न विचारण्याची रीत वेगळी असल्यामुळे त्यांचे आकडे एका रांगेत मांडता येत नाहीत. (प्रश्न ६ पाहा.)

३. ‘प्रौढ’ म्हणजे अठरा वर्षांवरचे ना?

ऑसप्लेमध्ये १५ वर्षांवरचे सगळे प्रौढ. इंग्लंडच्या ‘अ‍ॅक्टिव्ह लाइव्ह्ज’ पाहणीत ही रेषा १६ ला आहे. अमेरिकेतल्या हायकिंगच्या ज्या आकड्यांचा सर्वत्र उल्लेख होतो, त्यांत सहा वर्षांवरची मुलंही मोजलेली असतात. दोन देश शेजारी ठेवण्याआधी ही एक ओळ तपासून घ्या.

४. सरळ सांगा, सहभाग वाढतोय की नाही?

वाढला आहे. ऑसप्लेच्या पहिल्या वर्षात साधारण पाच टक्के प्रौढांनी बुशवॉकिंगचं नाव घेतलं होतं. पुढच्या वर्षांत हा हिस्सा वर सरकत गेला.

इथे दोन आकडे वेगळे ठेवावे लागतात. एक टक्केवारी, दुसरा माणसांची संख्या. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या सुमारे २.४ कोटी होती, २०२४ मध्ये ती सुमारे २.७ कोटी झाली. टक्केवारी जागची हलली नसती तरी वाटांवर माणसं वाढलीच असती. पंधरा वर्षांवरच्या लोकसंख्येचा एक टक्का म्हणजे सुमारे दोन लाख माणसं. ‘फक्त एक टक्का वाढ’ हे वाक्य कागदावर किरकोळ वाटतं, पण एखाद्या लोकप्रिय धबधब्याच्या वाटेवरचा रेंजर ते शनिवारी सकाळी भरलेल्या वाहनतळावर पाहतो.

दोन्ही आकडे एकत्र पाहिल्यावर माझं मत असं, की ही वाढ खरी आहे आणि ती जवळजवळ सगळी क्लबच्या बाहेर झाली आहे. पुढच्या अनेक उत्तरांचा धागा हाच आहे. प्रश्न १० मध्ये त्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे.

५. ही वाढ कोविडमुळेच झाली ना? आणि ती टिकली का?

कोविडने जोर दिला, सुरुवात मात्र आधीच झाली होती. शिवाय तो काळ वाटतो तितका एकरंगी नव्हता.

आधीचा उन्हाळा आठवा. २०१९-२० च्या वणव्यांत न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियातली कितीतरी राष्ट्रीय उद्यानं बंद ठेवावी लागली. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स या डोंगराळ भागातल्या जागतिक वारसा क्षेत्राचा सुमारे ८० टक्के भाग आगीच्या तडाख्यात आला. म्हणजे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा अनेक आवडत्या वाटा आधीच बंद होत्या. नंतर जिम बंद, सांघिक खेळ बंद, २० मार्च २०२० पासून देशाच्या सीमा बंद. परदेशी जाणारी माणसं आपल्याच राज्यात फिरू लागली. पण मेलबर्नमध्ये त्या वर्षी घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला मनाई होती, आणि शहराच्या मधोमध राहणाऱ्याला पाच किलोमीटरांत रान कुठून मिळणार? तेव्हा एकाच वर्षात कोणाला वाट नव्याने सापडली, तर कोणाची हातातली सुटली.

टिकण्याबद्दल अमेरिकेचं उदाहरण बोलकं आहे. तिथे हायकिंग करणारे २०१९ मध्ये सुमारे ४.९७ कोटी होते, २०२० मध्ये ते ५.७८ कोटी झाले, आणि निर्बंध उठल्यावरही संख्या मागे गेली नाही. मात्र तिथेही आधीची दहा वर्षं आकडा चढतच होता. महामारीने एक पायरी भर घातली, जिना आधीपासून होता.

६. एका अहवालातून दुसऱ्यात गेलं की टक्केवारी एकदम उडी मारते. लोक एका वर्षात इतके बदलतात?

लोक बदलत नाहीत, विचारण्याची पद्धत बदलते. जुलै २०२३ पासून ऑसप्लेने फोनवरच्या मुलाखतीऐवजी मुख्यतः ऑनलाइन प्रश्नावली वापरायला सुरुवात केली. फोनवर समोरचा माणूस वाट पाहत असतो. आपण दोन-तीन ठळक गोष्टी सांगतो आणि फोन ठेवतो. पडद्यावर वेळ मिळतो, आणि ऑगस्टमध्ये मित्राबरोबर एकदाच केलेला डोंगरही आठवतो. बुशवॉकिंगसारख्या अधूनमधून होणाऱ्या गोष्टीवर या फरकाचा परिणाम जास्त होतो. रोज पोहणारा पोहणं कुठेही सांगेलच.

म्हणून जुलै २०२३ आधीचे आणि नंतरचे आकडे एका आलेखात एकाच रेषेने जोडू नका. दोन तुकडे वेगळे काढा, मधे मोकळी जागा सोडा आणि खाली कारण लिहा. इरास आणि एबीएसचे जुने आकडे ऑसप्लेला जोडून ‘वीस वर्षांचा कल’ दाखवणारे तक्ते फिरत असतात. ते दिशाभूल करतात, आणि अनुदानाच्या अर्जात असा तक्ता टाकला तर जाणकार परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतो.

७. आमच्या छोट्या राज्यात यंदा एक टक्क्याने घट दिसते. काळजी करावी का?

आधी नमुना किती आहे, म्हणजे किती जणांना विचारलं, ते बघा. २०,००० जणांपैकी ६ टक्क्यांनी बुशवॉकिंग सांगितलं, तर साध्या गणिताने खरा आकडा साधारण ५.७ ते ६.३ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी असतो. तेच ६ टक्के हजार जणांच्या नमुन्यातून आले असतील, तर पट्टा ४.५ ते ७.५ पर्यंत पसरतो. वय आणि लिंग यांचं प्रमाण जुळवण्यासाठी आकड्यांना भार दिलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्षात तो याहून थोडा रुंदच होतो.

तेव्हा देशपातळीवर एक टक्क्याचा बदल ही मोठी बातमी आहे. लहान राज्यात, त्यातही ‘त्या राज्यातल्या ५५ ते ६४ वयाच्या स्त्रिया’ इतक्या बारीक गटात, तो निव्वळ नमुन्याचा हेलकावा असू शकतो. तीन वर्षं सलग त्याच दिशेने गेला तर विचार करा.

८. रानवाटेवर नेहमी पिकल्या केसांचेच लोक दिसतात. हा निवृत्तांचा छंद आहे का?

तुम्ही बहुधा मंगळवारी किंवा बुधवारी जाता! अनेक क्लब आठवड्याच्या मधल्या दिवशी वॉक ठेवतात आणि त्या दिवशी मोकळी असतात ती निवृत्त माणसंच. सर्वेक्षणात चित्र वेगळं दिसतं. पंचविशीपासून पन्नाशीपर्यंतची मंडळी यात भरपूर आहेत, आणि साठीनंतरही गळती इतर खेळांच्या मानाने सावकाश होते.

माझ्या मते बुशवॉकिंगचं खरं वैशिष्ट्य हे सावकाश गळणं आहे. फुटबॉल किंवा नेटबॉल खेळणारी व्यक्ती तिशीत गुडघा दुखला की सोडते आणि सहसा परतत नाही. रानात चालणारी व्यक्ती मुलं लहान असताना पाच-सात वर्षं गायब होते आणि मग परत येते, आधी छोट्या वाटांवर, मग लांबच्या. बारा महिन्यांचं सर्वेक्षण तिला मधल्या वर्षांत ‘सहभागी नाही’ म्हणून नोंदवतं. ती थांबलेली असते, सुटलेली नसते.

९. बायका यात पुरुषांपेक्षा जास्त आहेत हे खरं आहे?

निदान बरोबरीने तरी आहेत. संघटित सांघिक खेळांत दिसणारी दरी इथे दिसत नाही, ही बाब मोलाची आहे.

ही बरोबरी आयती मिळालेली नाही. मेलबर्न वॉकिंग क्लबची सुरुवात १८९४ ची, आणि तो पुरुषांचा क्लब होता. बायकांनी १९२२ मध्ये मेलबर्न विमेन्स वॉकिंग क्लब स्वतःचा काढला. सिडनीत १९१४ च्या माउंटन ट्रेल्स क्लबमध्येही पुरुषच होते. १९२७ मध्ये निघालेल्या सिडनी बुशवॉकर्सने मात्र स्त्री-पुरुष दोघांनाही सभासद करून घेतलं. आज वाटेवर दिसणाऱ्या गर्दीमागे ती माणसं आहेत.

सरासरीत बरोबरी असली तरी प्रकारांत फरक उरतोच. एकटीने आणि मुक्कामी जाण्याआधी बायकांना जे हिशेब करावे लागतात (सोबत कोण, गाडी कुठे लावायची, फोनला रेंज कुठपर्यंत) ते ‘बारा महिन्यांत एकदा तरी गेलात का?’ या प्रश्नात कुठेच उमटत नाहीत.

१०. सहभाग वाढतोय म्हणता, पण आमच्या क्लबला नवे सभासद मिळत नाहीत. मग ही माणसं आहेत कुठे?

ती क्लबला न विचारता जातात. बुशवॉकिंग हा ऑसप्लेमधल्या सर्वांत असंघटित प्रकारांपैकी एक आहे; बहुसंख्य लोक कुठल्याही क्लब, संस्था किंवा सहलकंपनीशिवाय, मित्र, जोडीदार किंवा कुत्र्याबरोबर जातात. पूर्वी वाट माहीत असलेला माणूस गाठायचा तर क्लबशिवाय पर्याय नव्हता. नकाशा, तंबू, गाडीतली जागा, अंधार पडल्यावर काय करायचं याचं ज्ञान, सगळं तिथे मिळायचं. आता वाट फोनवर असते, तंबू दुकानात असतो, आणि शनिवारी कुठे जायचं हे शुक्रवारी रात्री ठरतं. क्लबचा कार्यक्रम तीन महिने आधी छापला जातो.

यात दोष कोणाचाच नाही. पण क्लब फक्त सहली काढत नव्हते, हे विसरता कामा नये. १९३१ मध्ये ब्लू माउंटन्समधल्या ग्रोस खोऱ्यात काही बुशवॉकर्सना कळलं, की तिथलं ब्लू गम या निलगिरीच्या जातीचं उंचच उंच रान तोडायचा भाडेपट्टेदाराचा विचार आहे. त्यांनी १३० पौंड उभे करून तो पट्टाच विकत घेतला, आणि ते रान आजही उभं आहे. माउंटन ट्रेल्स क्लब काढणाऱ्या माइल्स डन्फी यांनी त्याच काळात ब्लू माउंटन्सच्या मोठ्या राष्ट्रीय उद्यानाचा आराखडा मांडला. ते उद्यान १९५९ मध्ये जाहीर झालं. त्यासाठी वर्षानुवर्षं पत्रं लिहिणारी, सभा घेणारी माणसं क्लबमधून आली होती.

आज लाखो लोक चालतात आणि त्यांच्या वतीने बोलणारी संघटना त्या मानाने लहान आहे. एखादी वाट बंद होते, एखाद्या उद्यानाच्या हद्दीत बांधकामाचा प्रस्ताव येतो, तेव्हा हरकत नोंदवणाऱ्यांत क्लबचेच लोक दिसतात. सहभागाचा आलेख वर जातो म्हणून आनंद मानणाऱ्या प्रत्येक अहवालात ही बाजूही लिहिली जावी असं मला मनापासून वाटतं.

समितीने काय करावं? एक दिवसाचे, सभासदत्वाची अट नसलेले वॉक ठेवा. नकाशा-होकायंत्राचं प्रशिक्षण बाहेरच्यांसाठी खुलं करा. तंबूत पहिली रात्र काढायची असेल तर लोकांना अजूनही माणूसच सोबत हवा असतो, आणि तो क्लबकडे आहे.

११. उद्यानाच्या नोंदी आणि सर्वेक्षण यांचे आकडे कधीच जुळत नाहीत. खरं कोणतं?

दोन्ही खरे, कारण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. सर्वेक्षण माणसं मोजतं, उद्यान भेटी मोजतं. एकच बाई वर्षात तीसदा गेली तर सर्वेक्षणात ती एक, उद्यानात तीस. परदेशी पर्यटक उद्यानाच्या मोजणीत येतो, राष्ट्रीय सर्वेक्षणात येत नाही.

वाटेवरची मोजणी कशी होते तेही पाहा. वाटेच्या कडेला खांबावर एक डबी बसवलेली असते. तिच्यातून अवरक्त किरणांची रेघ वाटेवर आडवी पडते आणि ती तुटली की आकडा एकाने वाढतो. दोघं हातात हात घालून गेली तर आकडा एकच वाढतो. शाळेची सहल घोळक्याने गेली की निम्मी मुलं गायब. जाऊन त्याच वाटेने परत आलेला माणूस दोनदा मोजला जातो. वॉलबी, म्हणजे छोटी कांगारू, उडी मारून गेली तर तीही एक! म्हणून जाणती मंडळी अधूनमधून तिथे माणूस बसवतात, हाताने मोजतात आणि यंत्राच्या आकड्याला दुरुस्तीचा गुणक लावतात. अहवालात या गुणकाचा उल्लेख नसेल तर आकडा जपून वापरा.

अपवाद ठरतात त्या मर्यादित बुकिंगच्या वाटा. टास्मानियातल्या ओव्हरलँड ट्रॅकवर २००५ पासून हंगामात, म्हणजे १ ऑक्टोबर ते ३१ मे, बुकिंग लागतं आणि रोज निघणाऱ्यांची संख्या बांधलेली असते. डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेल्या थ्री केप्स ट्रॅकची रचनाच रोज ४८ जणांसाठी झाली. अशा वाटेची संख्या वाढली नाही तर त्यातून लोकांची आवड कमी झाल्याचं सिद्ध होत नाही. जागा तेवढ्याच आहेत. तिथे मागणी बघायची तर बुकिंग किती लवकर भरतं ते पाहावं.

१२. एखादी प्रसिद्ध वाट कायमची बंद झाली की एकूण सहभाग घटतो का?

देशपातळीवर फरक जाणवत नाही. मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकावर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झालं. पायथ्याभोवतीची सुमारे दहा किलोमीटरची वाट खुली आहे आणि लोक ती चालतात. न्यू साउथ वेल्समधलं वोलम्बिनचं शिखर मार्च २०२० पासून बंद आहे. तिथे जाणारे आजूबाजूच्या वाटांकडे वळतात.

या दोन्ही जागा तिथल्या आदिवासी समाजांसाठी पवित्र आहेत. सहभागाच्या आकड्यांचा आधार घेऊन ‘बंदीने नुकसान झालं’ असा दावा करणाऱ्यांनी एवढं तरी बघावं, की चढणारा माणूस चालायचा थांबला की दुसरीकडे चालू लागला. फटका बसतो तो त्या एका गावातल्या व्यवसायाला. तो प्रश्न खरा आहे, पण वेगळा आहे.

१३. भारतीय आणि इतर स्थलांतरित यात कमी दिसतात. का?

२०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले ६.७३ लाख लोक ऑस्ट्रेलियात होते. इंग्लंडनंतर सर्वांत मोठा परदेशी जन्मलेला गट. त्या मानाने रानवाटांच्या अहवालांत ते कमी उमटतात.

काही कारणं रोखठोक आहेत. सुरुवातीची वर्षं शनिवार-रविवारच्या पाळ्यांत जातात. गाडी नसते आणि बहुतेक वाटांच्या तोंडापर्यंत बस जात नाही. सापांची भीती असते, आणि ती घालवायला सोबत जुना जाणता कोणी नसतो. पण मोजणीचाही मोठा वाटा आहे. पंधरा जणांचं कुटुंब डबे घेऊन राष्ट्रीय उद्यानात जातं, आजी-आजोबांना झाडाखाली बसवून बाकीचे धबधब्यापर्यंत दोन किलोमीटर चालून येतात. विचारलं तर ते ‘सहलीला गेलो होतो’ म्हणतील. त्याच वाटेवर पाठीवर सॅक घेतलेल्या माणसाची नोंद बुशवॉकर म्हणून होते (प्रश्न १). तेव्हा ‘आपल्या लोकांना निसर्गाचं वेड नाही’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

पहिल्या वाटेसाठी पाटीवरची श्रेणी बघा. ऑस्ट्रेलियात वाटांना १ ते ५ अशा श्रेणी दिल्या आहेत. श्रेणी १ सपाट, पायऱ्या नसलेली, पाच किलोमीटरपर्यंतची. श्रेणी २ दहा किलोमीटरपर्यंत. श्रेणी ३ ला थोडा अनुभव असावा. ४ आणि ५ अनुभवी लोकांसाठी.

१४. बचाव मोहिमा वाढल्याच्या बातम्या येतात. नवखे लोक बेजबाबदार आहेत का?

बातमीत संख्या असते, प्रमाण नसतं. चालणारे दीडपट झाले आणि मोहिमाही दीडपट झाल्या, तर प्रत्येकाचा धोका होता तिथेच आहे. शिवाय मदत मागणं सोपं झालं. पूर्वी पाय मुरगळला तर सोबती आधार देत रात्रीपर्यंत गाडी गाठायचे. आता रेंज असेल तर तिथूनच ००० या आपत्कालीन क्रमांकाला फोन जातो. त्यामुळे नुसत्या कॉलच्या आकड्यावरून बेजबाबदारपणा मोजता येत नाही.

तरीही एक उणीव मला खरोखर अस्वस्थ करते. क्लबमध्ये जे आपोआप शिकवलं जायचं, ते एकट्याने जाणाऱ्याला कोणी सांगत नाही: कुठे जातोय आणि कधी परतणार हे घरी लिहून ठेवणं, फोनची बॅटरी संपली तर कागदी नकाशा जवळ असणं, उन्हाळ्यात दुपारच्या आत परत फिरणं. रेंज नसलेल्या भागात पर्सनल लोकेटर बीकन, म्हणजे पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत तुमचं ठिकाण कळवणारं छोटं यंत्र), जवळ ठेवा आणि तो ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी अथॉरिटीकडे नोंदवा. नोंदणी मोफत आहे. ब्लू माउंटन्समध्ये पीएलबी फुकट वापरायला देण्याची सोयही आहे. जाण्याआधी चौकशी करा.

१५. सर्वेक्षण कोणत्या ऋतूत झालं त्यावर आकडा बदलतो का?

प्रश्न बारा महिन्यांचा असतो आणि उत्तरं वर्षभर गोळा होतात, त्यामुळे बराचसा फरक पुसला जातो. वाटांचे हंगाम मात्र फार वेगळे आहेत. नॉर्दर्न टेरिटरीतला २२३ किलोमीटरचा लारापिंटा ट्रेल थंडीत, साधारण मे ते सप्टेंबर, चालायचा. टास्मानियाचा हंगाम नेमका उलटा. साउथ ऑस्ट्रेलियातल्या १,२०० किलोमीटरच्या हायसन ट्रेलचे बरेच भाग वणव्याच्या काळात बंद असतात. एका महिन्याच्या नोंदींवरून दोन राज्यांची तुलना करू नका.

१६. महिन्यातून एकदा बुशवॉक केला तर व्यायाम पुरेसा होतो?

नाही. १८ ते ६४ वयाच्या प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, अशी शिफारस आहे. महिन्यातली एक सहा तासांची चाल मन मोकळं करते, पण आठवड्याचा हिशेब भरत नाही. बहुतेक बुशवॉकर्स वर्षातून मोजक्या वेळाच जातात, आणि आरोग्याच्या अहवालात ‘सहभाग’ या शब्दावर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. जे नियमित जातात ते मधल्या दिवसांत अंग तयार ठेवायला चालतात किंवा पळतात. फायदा त्या मधल्या दिवसांचा जास्त.

१७. व्हीलचेअर वापरणाऱ्यांचा यात विचार होतो का?

थोडा होतो, अजून व्हायला हवा. श्रेणी १ च्या वाटा व्हीलचेअरसाठी असतात. व्हिक्टोरियातल्या काही उद्यानांत ‘ट्रेलरायडर’ नावाची एकचाकी खुर्ची मिळते. पुढे एक आणि मागे एक माणूस ती धरून खडबडीत वाटेवरूनही नेतात, आणि गरज पडल्यास उद्यानं सांभाळणाऱ्या पार्क्स व्हिक्टोरिया या संस्थेचे स्वयंसेवक त्यासाठी येतात.

१८. ट्रेल रनिंग, ओरिएंटियरिंग, रोगेनिंग, हे बुशवॉकिंगमध्ये धरायचं का?

ओरिएंटियरिंगची, म्हणजे नकाशा-होकायंत्राने ठिकाणं शोधत पळण्याच्या शर्यतीची, नोंद वेगळी होते. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातच जन्मलेलं रोगेनिंग, म्हणजे नकाशा घेऊन ठरावीक तासांत जास्तीत जास्त ठिकाणं गाठायची संघांची स्पर्धा, करणारेही स्वतःला त्याच नावाने सांगतात. ट्रेल रनिंगचा घोळ जास्त आहे. पळणारा माणूस सहसा ‘पळतो’ म्हणतो आणि त्याची गणती पळणाऱ्यांत होते, मग तो सगळा वेळ रानात का असेना. वाटेवरची वर्दळ समजून घ्यायची असेल तर पळणाऱ्यांना वगळून चालणार नाही.

१९. आमच्या भागासाठी छोटं सर्वेक्षण करायचं आहे. काय विचारू?

‘तुम्ही बुशवॉकिंग करता का?’ असं विचारू नका. प्रश्न १ आणि १३ मधली अडचण तुमच्याकडेही येईल. त्याऐवजी: ‘गेल्या बारा महिन्यांत डांबरी किंवा काँक्रीट नसलेल्या वाटेवर, झाडीत, सलग एक तासापेक्षा जास्त चाललात का?’ हो म्हटलं तर किती वेळा, शेवटचं कधी, सोबत कोण होतं, वाट कशी सापडली. मुक्कामी गेलात का हे वेगळं विचारा. नाही म्हटलं तर ‘पूर्वी जात होतात का, कधी थांबलात?’ हा प्रश्न नक्की ठेवा, कारण परत येणारी माणसं (प्रश्न ८) फक्त त्यातूनच दिसतात. आणि प्रश्नावली वाटेच्या तोंडाशी वाटू नका. तिथे तुम्हाला आधीच आलेलेच भेटतील. न आलेले वाचनालयात, दवाखान्यात आणि शाळेच्या फाटकाशी सापडतील.